हाती-हाती

बोर्निओला जायचं ठरलं ते युरोपचा व्हिसा वेळेत होणार नाही म्हणून. टूर कंपनीच्या मुलाने टेबलावरचं आल्प्सचं चकचकीत पत्रक उचललं आणि त्या जागी एका नाकाड्या माकडाचं पत्रक ठेवलं. “सर, बर्फ नाही, पण जंगल आहे. वर्षावन. आणि मलेशियाला आपल्याला सध्या व्हिसा लागत नाही.” शेवटचं वाक्य ऐकताच आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या चौदा जणांच्या मनात निसर्गप्रेम उफाळून आलं.

मावशींचा प्रश्न एकच होता. “हत्ती आहेत का?”

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या घरी दोनशे अकरा गणपती आहेत. मातीचे, पितळेचे, सुपारीचे, आणि एक नातवाने फुटक्या की-बोर्डच्या बटणांचा केलेला. टूर कंपनीच्या मुलाने पत्रक उलटं करून दाखवलं. बोर्निओचा हत्ती आपल्या हत्तीपेक्षा बुटका, गोल चेहऱ्याचा, कान मोठे आणि शेपूट कधी कधी जमिनीला टेकेल इतकी लांब. “अगदी शाडूचा वाटतो,” मावशी म्हणाल्या आणि तिथल्या तिथे चेक फाडून मोकळ्या झाल्या.

बाकीच्यांची कारणं इतकी शुद्ध नव्हती. काकांना त्यांच्या साडूच्या आधी कुठेतरी जायचं होतं. काकींना काकांना एकट्याला पाठवायचं नव्हतं. लेन्सवाले (यांचं आडनाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण कुणी वापरत नाही) सहाशे एमएमची लेन्स घेऊन बसले होते आणि येऊरच्या पक्ष्यांचे सगळे कोन संपले होते. राजापूरचे अण्णा आले ते बोर्निओत कोकणापेक्षा जास्त पाऊस नाही हे सिद्ध करायला. वैद्यबुवांना फुकट सल्ला द्यायला माणसं हवी होती. आणि मला हिने नेलं.

मुंबईहून क्वालालंपूर, तिथून संदाकान. बोर्निओ हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट आणि त्याचे वाटेकरी तीन. बराचसा भाग इंडोनेशियाकडे, वरच्या बाजूला मलेशियाची साबा आणि सारावाक ही दोन राज्यं, आणि त्यांच्यात ब्रुनेई, फणसाच्या गऱ्यातल्या आठळीसारखा. १९६३ साली मलेशियात सामील होताना साबाने आपलं इमिग्रेशन आपल्याच हातात ठेवलं. त्यामुळे देशातल्या देशात विमानाने जाऊनही आम्हाला पुन्हा रांगेत उभं राहून पासपोर्ट दाखवावे लागले.

“म्हणजे राजापूरवरून कणकवलीला जाताना खारेपाटणला शिक्का,” अण्णा म्हणाले. मग जरा विचार करून, “वाईट नाही कल्पना.”

दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झालेला. त्यामुळे चौदा जणांच्या सामानात मिळून कपडे कमी आणि फराळ जास्त होता. काकींनी साजूक तुपातले बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी काकांच्या स्वेटरमध्ये आणि स्वेटर काकांच्या बॅगेत असा भरला होता. विषुववृत्ताजवळ स्वेटर कशाला हा प्रश्न काकांनी विचारला नाही. चाळीस वर्षांचा संसार आहे.

पहिला मुक्काम सेपिलोकला. इथे १९६४ पासून ओरांगउटानांचं अनाथालय आहे. ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे रान, म्हणजे आपला सरळसरळ वनमानुष. आई गमावलेली किंवा कुणी हौसेने घरात पाळलेली पिल्लं इथे येतात, झाडावर चढायला शिकतात आणि तयार झाली की आसपासच्या राखीव जंगलात सुटतात. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला मचाणावर फळं ठेवतात, पण मुद्दाम तीच तीच, म्हणजे कंटाळून त्यांनी आपलं आपण शोधावं. मी हॉस्टेलच्या मेसमध्ये चार वर्षं जेवलो आहे. त्यामागे असा काही उदात्त हेतू असेल हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

एक मादी दोरावरून आली, कमरेला पिल्लू. अशी पिल्लं सात-आठ वर्षं आईला धरून राहतात असं तिथल्या मुलीने सांगितलं. सगळ्यांनी “आई गं!” केलं. काकी तेवढ्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमचा तेहतीसचा आहे. मोबाइलचा रिचार्ज अजून मीच मारते.”

दुसऱ्या दिवशी किनाबातांगान नदीकडे निघालो. संदाकानहून सुकाऊ गाव अडीचेक तासांवर. बस शहराबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना झाडी सुरू झाली. सगळे खिडक्यांना चिकटले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तासभर झाला. झाडी तीच. एकाच उंचीची, एकाच अंतरावर, ओळीत. एकाच जातीची.

“हे माड नव्हेत,” अण्णांनी निकाल दिला. “आणि पोफळीही नव्हेत. शाळेतल्या पीटीला उभी केल्यासारखी काय ही झाडं?”

“पाम,” टूर मॅनेजर म्हणाला. “पाम तेलाचे मळे. जंगल पुढे आहे.”

एवढ्यात रस्त्याच्या कडेला एक पाटी गेली. रोमन अक्षरात, ठसठशीत: ‘हाती-हाती’. पाठोपाठ वळणावर दुसरी. मावशींनी खिडकीच्या काचेवर टकटक केलं. “अहो, हत्ती! हत्तींचा रस्ता आहे! थांबवा गाडी!” लेन्सवाल्यांनी लेन्स बाहेर काढली, बारा जण उजव्या बाजूला धावले, बस किंचित कलली आणि ड्रायव्हर मागे वळून ओरडला, “हाती-हाती!”

त्यालाही दिसला म्हणजे नक्कीच आहे! आम्ही आणखी रेटलो.

हाती-हाती म्हणजे मलय भाषेत ‘जपून’, ‘सावकाश’, हे आम्हाला लॉजवर पोचल्यावर गाइडने सांगितलं. हत्तीला तिथे ‘गाजा’ म्हणतात, आपल्या गजावरून गेलेला. हा गाइड तिशीतला, नदीकाठचाच, ओरांग सुंगाय. म्हणजे नदीची माणसं. त्याचं इंग्रजी आमच्यापेक्षा बरं होतं आणि आमचं मराठी ऐकून त्याची घटकाभर फार करमणूक झाली, कारण संस्कृतने जाताना मलय भाषेत अर्धं घरदार सोडलेलं आहे. गुरु, बुमी म्हणजे भूमी, सिंगा म्हणजे सिंह, मुका म्हणजे मुख. आम्हाला सगळं आपलंच वाटायला लागलं. आणि तिथेच घात झाला.

कारण बाकीचे शब्द तसे नाहीत. सकाळी नाश्त्याला लॉजच्या आचाऱ्याने काकांसमोर किटली धरून अदबीने विचारलं, “सुसु?” काका हादरले. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, “झाली. वरच झाली.” सुसु म्हणजे दूध. ग्रुपमधल्या एकानेही नंतर चहात दूध मागितलं नाही, कारण मागायचं कसं हाच प्रश्न होता. गाइडला मी प्रेमाने ‘दादा’ म्हणायला सुरुवात केली, तर तो संकोचून शर्टाचं वरचं बटण लावायचा. दादा म्हणजे छाती. पण कळस झाला तो काकीमुळे.

जंगलात पायी जायच्या आधी गाइडने आम्हाला ओळीत उभं केलं आणि जाड कापडी मोजे वाटले. गुडघ्यापर्यंतचे, वर नाडी. हे लीच सॉक्स, जळवांसाठी. जळवांना नव्हे, आपल्याला घालायचे. मग तो एक-एक मुद्दा सांगू लागला आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी बजावू लागला, “चेक यूअर काकी! ऑलवेज चेक यूअर काकी!”

तेरा जणांनी काकींकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” काकी म्हणाल्या.

“लीच,” गाइडने थेट त्यांच्याकडे बोट दाखवलं. “काकी!”

काकी म्हणजे पाय. पण हे स्पष्टीकरण देईपर्यंत काकी खुर्चीवर चढल्या होत्या, आणि खरोखरच त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर एक जळू शांतपणे बसलेली होती. तेव्हापासून काकींचा त्या गाइडवर जो विश्वास बसला तो बसलाच. पुढे तो काही बोलला की त्या आधी स्वतःकडे बघायच्या.

जळवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बोर्निओत सगळ्यात जवळून पाहिलेला वन्यप्राणी तोच. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात असतात त्या बहुतेक जमिनीवरच्या. इथे एक तपकिरी जात पाचोळ्यात आणि दुसरी, पिवळट-हिरव्या पट्ट्यांची वाघजळू, कमरेएवढ्या उंचीवर पानाच्या टोकाला. पानावर मागचा भाग चिकटवून ती उभी राहते आणि पुढचं टोक हवेत फिरवते. आपली उष्णता, आपला श्वास, आपल्या पावलांची थरथर, काहीही तिला पुरतं. मी वाकून एका पानाजवळ तोंड नेलं. ती बारीक, दोऱ्यासारखी होती. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि मग मी श्वास सोडला तसा सगळा देह माझ्या दिशेने ताणून थरथरत उभी राहिली. लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडे बघणारा भुकेला माणूस डोळ्यांसमोर आला. मी मागे सरकलो, आणि शेजारच्या पानावरची दुसरी माझ्या कोपरावर आली.

तपकिरी जळू चावलेलं कळत नाही, पट्ट्यांची चावते ते कळतं. रक्त दोन्हींचं थांबत नाही, कारण गोठू न देणारं द्रव्य ती जखमेत सोडते. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर दुपारपर्यंत महाराष्ट्राच्या नकाशाएवढा डाग पडला, विदर्भासकट.

वैद्यबुवा मात्र खुशीत होते. “जलौका! सुश्रुताने सांगितलंय! आमच्याकडे पुण्यात एका बैठकीचे पैसे घेतात लोक, आणि तुम्ही झटकता काय?” त्यांनी स्वतः बाही वर करून हात पुढे केला. दहा मिनिटं ते तसेच उभे होते. एकही जळू त्यांच्याकडे फिरकली नाही. “पित्तप्रकृतीला लागत नाहीत,” असं त्यांनी नंतर सांगितलं, पण आवाजात दुखावल्याची किनार होती. अण्णा म्हणाले, “आमच्याकडे चुना-तंबाखू लावतात,” आणि खिशातून चंची काढली. कस्टममधून ती चंची इथवर कशी आली हे कोणी विचारलं नाही.

लाकडी फळ्यांच्या पायवाटेवर शेवाळ होतं. गाइड पुढे चालताना दर चार पावलांनी म्हणे, “हाती-हाती.” आता आम्हाला अर्थ माहीत होता. तरीही दर वेळी चौदा माना एकदम झाडीकडे वळायच्या आणि वळलेल्या मानेने चालणारा कुणीतरी घसरायचा. म्हणजे तो शब्द त्याच्या अर्थाच्या बरोबर उलट काम करत होता. काका तीनदा पडले. चौथ्यांदा गाइडने मुद्दाम काही म्हटलं नाही, तेव्हा काका नीट चालले.

होडीतल्या फेऱ्या या सगळ्या प्रकरणात सुखाच्या. किनाबातांगान ५६० किलोमीटर लांब, पाणी टपरीच्या चहाच्या रंगाचं. सकाळी सहाला पहिली फेरी, म्हणजे ठाण्यातले साडेतीन. त्या वेळेला उठलेला मराठी माणूस एकतर पूजेला बसतो किंवा गाणी म्हणतो. पहिल्या फेरीत अंताक्षरी सुरू झाली. गाइडने तोंडावर बोट ठेवलं, मग दोन्ही हात जोडले. दुसऱ्या कडव्यापर्यंत आसपासचे सगळे पक्षी नदीच्या पलीकडे राहायला गेले होते.

मग नाकाडी माकडं दिसली. नर म्हणजे काकडीएवढं नाक, तांबूस जॅकेट घातल्यासारखी पाठ, करडे पाय आणि पुढे आलेलं भलं मोठं पोट. डच लोक इकडे आले तेव्हा लालबुंद चेहरा आणि नाक बघून मलय लोकांनी याचं नाव ‘मोन्येत बेलांदा’ म्हणजे डच माकड ठेवलं. वसाहतवादाला इतकं नेमकं उत्तर मी तरी दुसरं वाचलेलं नाही. पोट मोठं कारण आत पानं आंबत असतात. गाइड सांगत होता, पिकलेलं गोड फळ जास्त खाल्लं तर ते आंबून इतका वायू धरतो की माकडाचा जीवही जाऊ शकतो.

होडीत शांतता पसरली. सगळ्यांनी आळीपाळीने माकडाकडे आणि काकांकडे पाहिलं. काका काही न बोलता खिशातून हिंगाष्टक काढून चिमूटभर तोंडात टाकत होते. वरून त्या नराने नाकातून भोंगा वाजवल्यासारखा आवाज केला. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं.

लेन्सवाल्यांचा दिवस मात्र सोन्याचा. या बेटावरचे आठही प्रकारचे धनेश या नदीकाठी दिसतात आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत होता, “लाइफर! लाइफर!” म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला पक्षी. दुपारपर्यंत त्यांची इतकी आयुष्यं झाली की आम्ही मोजणं सोडलं. गेंडाधनेश डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज जुन्या एसटीच्या ब्रेकसारखा ऐकू आला. अण्णा म्हणाले, “ह्याला आमच्याकडे गरुड म्हणतात. काही विशेष नाही.” पण बोलताना टोपी काढली होती.

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि महिनोन्महिने नर बाहेरून तिला फळं भरवतो. हे ऐकल्यावर सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारून हळू आवाजात प्रश्न आला, “आणि तिला बाहेर पडायचं असेल तेव्हा?” तेव्हा ती आतून फोडते, असं गाइड म्हणाला. “हां,” ही म्हणाली, “मग ठीक आहे.”

रात्रीच्या फेरीत एक गोष्ट अशी झाली की लेन्सवाले अजून तिच्याबद्दल बोलत नाहीत. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या झोपला होता. आपल्या कोकणात पावसाळ्यात येतो त्या तिबोटी खंड्याचा तांबडा भाऊ. मुठीएवढासुद्धा नाही, पिसं फुगवून चेंडू केलेला, चोच नारिंगी, डोळे घट्ट मिटलेले. गाइडने टॉर्च खाली धरली, होडी फांदीखाली गेली, आणि तो आमच्यापासून दोन हातांवर. त्याचं पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं तेही दिसत होतं. लेन्सवाल्यांची लेन्स गरगरली, पुढे गेली, मागे आली, पुन्हा गरगरली. इतक्या जवळचं तिला दिसतच नाही. काकींनी नातवाने दिलेल्या मोबाइलवर टिचकी मारली आणि तो फोटो आज आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आहे.

गोमान्तोंगच्या गुहेबद्दल मी फार लिहिणार नाही. आत पाकोळ्यांची घरटी आहेत, ती पक्ष्याच्या लाळेची असतात आणि त्यांचं सूप चिनी लोक महागामोलाने पितात. खाली वटवाघळांच्या विष्ठेचा डोंगर, त्यावर झुरळं, आणि कठड्यावरही झुरळं, आणि पाऊल घसरू नये म्हणून तोच कठडा धरायचा. गाइड म्हणाला, “हाती-हाती.” पहिल्यांदाच कुणीही मान वळवली नाही.

मकाक माकडांचं प्रकरण लॉजच्या गच्चीवर घडलं. चार वाजता चहाबरोबर फराळ मांडला होता. एका ताटात काकींचे साजूक तुपातले लाडू, दुसऱ्यात वैद्यबुवांनी ठाण्यातून घेतलेलं दुकानातलं चिवड्याचं पाकीट. कठड्यावरून एक लांबशेपट्या मकाक आला, लाडवाचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि चिवड्याचं पाकीट घेऊन छपरावर गेला.

“साजूक तुपातला लाडू सोडून पामतेलातला चिवडा?” काकींना हा अपमान सहन होईना. “गावठी मेलं!”

पाच मिनिटांनी रिकामं पाकीट खाली आलं. गाइडने ते उचलून मागची बारीक अक्षरं वाचली आणि हसला. “पामोलीन,” तो म्हणाला. “इथलंच असेल. फिरून घरी आलं.”

भारत जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करतो आणि त्यातलं बरंचसं इंडोनेशिया-मलेशियाचं, हे मला पेपरात वाचून माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या तेलाच्या झाडांतून अडीच तास बसने येणं, यात फरक आहे. अण्णांना १९८० च्या दशकातलं रेशनचं पामतेल आठवलं, थंडीत गोठायचं ते. मला २०२२ च्या दिवाळीतला आनंदाचा शिधा आठवला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. त्या वर्षी आमच्या कामवाल्या बाईंनी आणून दिलेले शंकरपाळे मी पाच दिवस पुरवून खाल्ले होते. छान होते.

“एवढे प्राणी एका काठावर कसे दिसतात म्हणून सगळे आमचं कौतुक करतात,” गाइड म्हणाला. त्याने पाकिटाची घडी घातली. “काठाला लागून जंगलाची पट्टी आहे. २००५ साली अभयारण्य झालं, सव्वीसेक हजार हेक्टर, पण तुकड्या-तुकड्यांत. पट्टीच्या मागे मळे. हत्तींना मागे जायचं तर विजेची कुंपणं. ओरांगउटानला ओढा ओलांडायचा तर मोठी झाडं उरली नाहीत, म्हणून दोरांचे पूल बांधलेत. कुठे जातील? काठावरच दिसणार.” आणि मग एकदम काकींना, “तो लाडू मिळेल का एक?”

काकींनी त्याला तीन दिले.

हत्ती मात्र दिसेना. दोन दिवस, पाच फेऱ्या. चिखलात पावलं दिसली, मोडलेलं गवत दिसलं, एकदा लीद दिसली आणि मावशींनी तिचाही फोटो काढला. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचे गुडघे बोलायला लागले. “तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “मी इथे बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं करते. नाहीतरी यायचा असता तर आला असता.”

आम्ही तेरा जण निघालो. धुकं होतं. होडी चालवणारा माणूस वयस्कर, त्याला इंग्रजी येत नव्हतं, तो तीन दिवसांत आमच्याशी एक शब्द बोलला नव्हता. एका वळणावर गाइड पुढच्या टोकाला उभा राहिला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “गाजा.”

आणि काका होते नव्हते तेवढं सगळं बळ एकवटून ओरडले, “हत्ती! हत्ती!”

होडीवाल्याने दचकून इंजिन बंद केलं. त्याच्या दृष्टीने काका त्याला ‘जपून, जपून’ सांगत होते. पुढे ओंडका असेल, मगर असेल. त्याने सुकाणू घट्ट धरलं, आणि होडी प्रवाहाबरोबर आवाज न करता वळणापलीकडे सरकली, थेट हत्तींच्या समोर.

अकरा होते. दोन पिल्लं. उंच गवतात अर्धे बुडालेले, ओले, काळेभोर. सगळ्यात जवळची मादी सोंडेने गवताचा जुडगा उपटायची, पुढच्या पायावर दोन-तीनदा आपटून मुळांची माती झाडायची आणि मग तोंडात घालायची. माझी आई मेथीची जुडी अशीच झाडायची, ओट्याच्या कडेवर. एक पिल्लू तिच्या पोटाखालून बाहेर आलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेलं. कुणी बोललं नाही. अंताक्षरीवाले, लाइफरवाले, अण्णा, कुणीच नाही. लेन्सवाल्यांनी चार फोटो काढले आणि लेन्स मांडीवर ठेवून दिली. हत्तींच्या मागे, अगदी थोड्या अंतरावर, पामच्या ओळी सुरू होत होत्या.

वीसेक मिनिटांनी ते गवतात शिरले.

परत येताना होडीत भलताच गंभीर विषय सुरू झाला. मावशींना सांगायचं कोणी आणि कसं? काकांचं मत, सांगूच नये. वैद्यबुवांचं मत, जेवणानंतर सांगावं. लॉजच्या धक्क्यावर मावशी उभ्याच होत्या. त्यांनी तेरा चेहरे एकदा नीट पाहिले.

“किती होते?” त्यांनी विचारलं.

लेन्सवाल्यांनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. चारही फोटो त्यांनी एकेक करून पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. “शेपूट खरंच टेकते हो,” एवढंच म्हणाल्या.

परतीच्या प्रवासात अण्णांच्या बॅगेला एक विलक्षण वास येत होता. संदाकानच्या हॉटेलात दारावर लाल फुलीखाली ड्युरियन या फळाचं चित्र होतं आणि अण्णा तीनदा म्हणाले होते की फणसाला असली बंदी घालायची कोणाची हिंमत नाही. बॅग तपासणीत काय झालं ते मी सांगत नाही. बॅग आली, फळ नाही आलं, आणि अण्णा बोर्डिंग होईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

क्वालालंपूरला विमान बदलायला चार तास होते. विमानतळावर एका वळणावर फरशी पुसत होते. पिवळी पाटी मांडलेली, आणि मॉप घेतलेला मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “हाती-हाती.”

आम्ही तेरा जण शहाण्यासारखे खाली बघून जपून पावलं टाकू लागलो. मावशी तेवढ्या थांबल्या, पर्समधून मोबाइल काढला आणि मागे वळून पाहिलं.